कुकीज सुक्या कचऱ्यात

इंदूरच्या माणसाला साफसफाई शिकवावी लागत नाही, ती कुठे थांबवायची ते शिकवावं लागतं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की आमच्या स्नेहलतागंजच्या बिल्डिंगमधले रिटायर झालेले भले भले साहेबलोक दोन-दोन डबे घेऊन खाली धावतात. चहाची उकळलेली पत्ती ओल्यात, तिचं पाकीट सुक्यात. बाहेरगावच्या पाहुण्याने केळ्याचं साल चुकीच्या डब्यात टाकलं तर आम्ही त्याला एक अक्षर बोलत नाही. त्याच्यादेखत ते साल उचलतो आणि बरोबर डब्यात टाकतो. तेवढा अपमान पुरतो.

त्या सकाळीही मी डबे रिकामे करून वर आलो, हात धुतले आणि कंप्युटरपुढे बसलो. कंप्युटर फार सुस्त झाला होता. कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि तिने विचारलं, बराच कचरा साठलाय, साफ करू का?

हा प्रश्न तिने चुकीच्या शहरात विचारला.

खाली यादी होती. जुन्या भेटींचा इतिहास, तात्पुरत्या फायली, कुकीज. कुकीज म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ज्या गोष्टी मी कंप्युटरला कधी खाऊ घातल्या नव्हत्या त्या त्याच्या पोटात असणं मला पटेना. मी सगळ्यांपुढे खुणा केल्या. फक्त ‘साठवलेले पासवर्ड’ या ओळीला हात लावला नाही. तेवढी अक्कल मला आहे, असं मी स्वतःला मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग बटण दाबलं. झालं! कुकीज गेल्या सुक्या कचऱ्यात.

आता माझ्या मेलबॉक्सचं सांगतो. ती आहे जुन्या वेबमेलची. हल्ली कोणी ठेवत नाही तसली. इतकी वर्षं तिच्या पत्त्यावर क्लिक केलं की ती आपोआप उघडायची, घरच्या माणसाने दाराची घंटी वाजवू नये तशी. त्या दिवशी मात्र दारातच अडवून तिने मला विचारलं, आपण कोण?

नाव आधीच भरलेलं होतं. पासवर्डच्या जागी काळे ठिपके उभे होते. वाचवलं ना मी पासवर्डला! ऐटीत बटण दाबलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा दाबलं, जरा जोरात. जोरात दाबल्यावर यंत्राला आपली निकड कळते, अशी माझ्या पिढीची श्रद्धा आहे. शेवटी मेलबॉक्सने फार वेळा प्रयत्न झाले म्हणून दार काही वेळापुरतं बंदच करून टाकलं.

“काय झालं हो?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. तिला माझ्या पाठीवरूनसुद्धा कळतं.

“काही नाही.”

“म्हणजे मोठंच काहीतरी झालंय.” ती पोह्यांच्या बश्या घेऊन आली, पडद्याकडे पाहिलं आणि पोह्यांवर शेव भुरभुरवत म्हणाली, “स्वतःला बाहेर कोंडून घ्यायचा तुमचा जुनाच छंद आहे. मागे लॅचची किल्ली आत ठेवून दार ओढलं होतं. आता हे.”

“तेव्हा मी पेपर उचलायला बाहेर गेलो होतो.”

“टॉवेलवर,” ती म्हणाली आणि पोहे खायला बसली.

इतकं घाबरण्यासारखं यात काय, असं तुम्हाला वाटेल. तर त्यामागे आमचा मुलगा आहे. तो पुण्याला असतो, कंप्युटरच्याच नोकरीत, आणि येत्या रविवारी सकाळी घरी येणार होता. गेल्या दिवाळीत त्याने मला अखेरचा इशारा दिला होता. निमित्त साधंच. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गाण्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण सगळ्यांना मेल केलं. मी ते मुलाकडे पाठवलं आणि सोबत लिहिलं की हा भिया, म्हणजे आमचा इंदुरी भाऊ, यंदाही गाणार आहे, येताना कानात घालायला कापूस घेऊन ये. म्हणजे मुलाला लिहितोय असं मला वाटत होतं. गेलं ते अख्ख्या सोसायटीला. कार्यक्रमाच्या दिवशी सेक्रेटरीने माझ्या खुर्चीवर आधीच कापसाचं पुडकं ठेवलं होतं, आणि मग माझ्याकडे बघत एक जास्तीचं गाणं म्हटलं.

“बाबा, बस झालं,” मुलगा तेव्हा म्हणाला होता. “परत काही घोळ झाला तर तुमचा मेल मी माझ्या नंबरवर घेणार. मी तिकडून बघत जाईन, तुम्हाला लागेल ते पाठवत जाईन.”

लागेल ते! माझ्याच ताटातलं मला लागेल ते! पेन्शनची पावती, विजेचं बिल, मासिकांना पाठवलेले माझे लेख आणि त्यांचे गोड नकार, सगळं त्या मेलबॉक्समध्ये आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि नेमकं हेच मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. शिवाय आज मेल घेतला की उद्या बँक घेणार, परवा माझ्या चष्म्याचा नंबरही तोच ठरवणार. मी ठरवलं, रविवारच्या आत हे दार मीच उघडणार. त्याला न विचारता.

आधी कारण शोधलं. ठिपके खोटे का निघाले? पोहे संपता संपता आठवलं. मध्यंतरी कधीतरी मेलवाल्यांच्या सांगण्यावरून मी पासवर्ड बदलला होता. तेव्हा कंप्युटरने अदबीने विचारलं होतं, नवा लक्षात ठेवू का? मी म्हणालो होतो, नको. त्या काळात मी फार सावध असायचो. कुठेतरी वाचलं होतं की पासवर्ड यंत्राला सांगू नये, कागदावर लिहू नये. मी दोन्ही पाळलं. स्वतःच्या लक्षात ठेवावा, असं त्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणजे कंप्युटरच्या पोटात होता तो जुना पासवर्ड, आणि इतके दिवस मला आत घेत होत्या त्या बिचाऱ्या कुकीज. पासवर्ड नव्हेच. जो माणूस दार उघडत होता त्यालाच मी कचऱ्याच्या गाडीत घालून दिलं होतं.

मग ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट ठेवलं. उत्तर आलं की तुमच्या मोबाईलवर कोड पाठवतो. कुठला मोबाईल? शेवटचे आकडे पाहिले आणि मला माझीच एक पराक्रमी दुपार आठवली. मोबाईल कंपनीचे नको ते फोन रोज यायचे म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन, भर काउंटरवर, ते सिम दोन बोटांत धरून मोडलं होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला वाजल्यासारख्या वाटल्या होत्या. आता माझा कोड त्या मोडक्या सिमकडे निघाला होता.

उरला एकच रस्ता, गुप्त प्रश्नाचा. ‘तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव काय?’

“हे तर सोप्पं आहे!” मी हात चोळले आणि गुरुजींचं नाव घातलं. चूक. आडनाव घातलं. चूक. मुलं त्यांना पाठीमागे म्हणायची ते घातलं. तेही चूक. ‘जुनी इंदूर’ भागात राहणाऱ्या मोठ्या बहिणीला फोन लावला.

“ताई, माझे पहिले मास्तर कोण गं?”

“आता का? सरकार शाळेत परत पाठवतंय का तुला?”

“सांग ना गं.”

“बालवाडीच्या बाई होत्या. तू त्यांना चावला होतास. नाव नाही आठवत, पण त्यांना तुझं नक्की आठवत असेल.”

बाईंचं नाव शेवटी बायकोने आठवून दिलं. तीही त्यांच्याच हाताखाली शिकली होती आणि चावली नव्हती. तेही चुकीचं निघालं. मेलबॉक्सने पुन्हा कडी लावली आणि उद्या या म्हणून सांगितलं. उद्या गेलो, परवा गेलो. शाळेतले सगळे शिक्षक संपले, मग शिकवणीचे, मग पोहायला शिकवणारे. आयुष्यात मला इतक्या लोकांनी शिकवलं आणि कोणाचाच उपयोग होत नव्हता.

“सरळ नवी मेलबॉक्स काढा,” बायको म्हणाली.

“का म्हणून? किल्ली हरवली म्हणून घर सोडून देतात का?”

“मग त्याला विचारा.”

“मरेन पण विचारणार नाही.”

“पोहे तरी खा मग, मरायच्या आधी.”

शनिवारी दुपारी मुलाचा फोन आला. बायकोने स्पीकरवर घातला.

“बाबा, तिकीट मेल केलं होतं. पाहिलं ना?”

“पाहिलं की.” बायकोने डोळे मोठे केले. मी तिच्याकडे पाठ केली.

“मग किती वाजता येताय स्टेशनवर?”

असे प्रश्न कंप्युटरवाली पोरंच विचारू शकतात. मी म्हणालो, “तूच सांग रे. तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.”

तिकडून एक लांब सुस्कारा. “बंद पडलं ना परत?”

“बंद कुठे? जरा विश्रांती घेतंय.”

“बाबा, हे बघा, चिडू नका. उद्या मी आलो की सगळं माझ्या नंबरवर करून टाकतो. तुम्हाला ताप नको. फक्त एक सांगा, तुम्ही पासवर्ड ठेवता तरी कशावरून? आजीच्या नावावरून? गाडीच्या नंबरवरून?”

तो समजूतदारपणे बोलत होता, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. लहान मुलाला बुटाची नाडी बांधून देताना बोलतात तसं. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांचं एक आहे, लाड आम्ही मराठीत करतो, पण पारा चढला की तोंडातून हिंदीच निघते.

“तेरे को क्या करना!” मी ओरडलो.

आणि तसाच थांबलो.

स्टेशनजवळचा तो सायबर कॅफे डोळ्यांपुढे आला. ही मेलबॉक्स तिथेच काढली होती. फॉर्म भरताना यंत्राने माझ्या शिक्षकांचं नाव विचारलं आणि मला रागच आला. ओळख ना पाळख, घरच्या चौकश्या कसल्या? कॅफेवाला म्हणाला होता, “अंकल, कुछ भी भर दो, कौन पढ़ता है.” म्हणून मी मनात होतं तेच भरलं. त्याने खांद्यावरून वाकून वाचलं आणि खूश होऊन म्हणाला, “वाह भिया!”

“बाबा? हॅलो? रागावलात का?” मुलगा विचारत होता.

“ठेव फोन. काम आहे.”

प्रश्न पुढे होताच. तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव काय? मी एकेक अक्षर दाबत लिहिलं, तेरे को क्या करना. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग नम्रपणे म्हणाला, नवा पासवर्ड निवडा.

बायको मागे उभी होती. “हे उत्तर?” ती म्हणाली. “बालवाडीच्या बाईंना चावणारा मुलगा अजून तसाच आहे.”

रविवारी सकाळी गाडीच्या वेळेला मी स्टेशनवर हजर होतो. मुलाच्या हातातली बॅग घेत म्हणालो, “तुझी सीट खिडकीची होती.” “म्हणजे उघडलंत?” त्याने विचारलं.

घरी आल्यावर त्याने आपला नंबर जोडायची गोष्ट पुन्हा काढलीच. मी त्याच्यापुढे बसूनच मोडक्या सिमचा नंबर काढला आणि माझा आत्ताचा घातला. मग कंप्युटरने विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू? पुढच्या वेळी आपोआप आत घेऊ? मी दोन्हीला नाही म्हणालो.

“अहो बाबा, रोज टाइप करत बसणार का?”

“बसणार. माझं दार आहे. रोज मीच उघडणार.”

तेव्हापासून रोज सकाळी डबे रिकामे करून, हात धुऊन, मी अख्खा पासवर्ड हाताने घालतो. कधी चुकतो. मग परत घालतो.

निघताना मुलगा म्हणाला, “बरं, निदान त्या प्रश्नाचं उत्तर तरी मला सांगून ठेवा. इमर्जन्सीला.”

“फोनवर सांगितलं की तुला.”

“कधी? तुम्ही तर मला झापलंत.”

“तेच.”

त्याला अजून उलगडलेलं नाही. बायकोने हे लिहिलेलं वाचलं आणि म्हणाली की आता तर सगळ्या जगाला कळलं की हो तुमचं उत्तर. मी म्हणालो, बदललंय मी ते, कालच. नवं काय ठेवलंत, हे विचारायला तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.