आत्याचा उजवा खांदा

आमच्या घरात बाबांचा चष्मा कधी वेळेवर सापडत नाही, त्याला कारण माझी आत्या. "टीव्हीच्या उजवीकडे ठेवलाय," असं ती सांगते आणि बाबा टीव्हीच्या उजवीकडची धूळ चाचपत राहतात. चष्मा असतो डावीकडे. म्हणजे आपल्या डावीकडे. टीव्ही आपल्याकडे तोंड करून बसलेला, तेव्हा त्याची उजवी बाजू तीच.

"अगं, टीव्ही काय तुझा पेशंट आहे?"

"दादा, समोरच्याची उजवी ती उजवी. यात घोळ झाला की भलत्याच गुडघ्याला शेक बसतो."

आत्या तीस वर्षं रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. माणूस उताणा असो, पालथा असो की कुशीवर, तिच्या लेखी तो कायम एकाच पवित्र्यात असतो: ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. सगळ्या दिशा तिथून मोजायच्या. डोक्याकडचं ते वर, पायाकडचं ते खाली. म्हणून खाटेवर आडव्या झालेल्या माणसाला ती विचारते, "गुडघ्याच्या वर दुखतंय की खाली?" आणि तो बिचारा आधी छताकडे बघतो.

दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला हालचाली करून दाखवायचा मान तिचा. कोपर वाकलं की फ्लेक्शन, सरळ झालं की एक्स्टेन्शन. हात शरीरापासून दूर गेला की अ‍ॅबडक्शन, जवळ आला की अ‍ॅडक्शन. पुस्तकात ही नावं कोरडी वाटतात. आत्याचा हात बाजूने सावकाश वर जाऊ लागला, की खोलीतली एखादी खिडकी उघडते आहे असं वाटायचं.

तिची खरी ख्याती मात्र चोरी पकडण्यात. आखडलेला सांधा हलवायचा नसला की माणसं कमरेतून झुकतात, खांदे उडवतात. या कलेत ड्रायव्हरकाका पटाईत. निवृत्त बस ड्रायव्हर, पायऱ्यांवरून पडून खांदा मोडलेला.

"काका, चोरी! हात कानाकडे न्यायचा, कान हाताकडे नाही."

"अहो बाई, दोघं भेटल्याशी मतलब!"

यंदा घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. वरच्या फळीवरचा डबा आत्या मला काढायला लावायची. "तुमच्या पिढीच्या खांद्यांना व्यायाम नाही," वर हेही ऐकवायची. मीही मुकाट्याने काढून द्यायचे.

एके दुपारी तिचा जेवणाचा डबा घेऊन मी रुग्णालयात गेले, तेव्हा ती काकांना समजावत होती, "असा, बाजूने, थेट वर." तिचा उजवा हात वर निघाला.

"बाई, चोरी," काका म्हणाले.

पलीकडे व्यायामाची सायकल मारणाऱ्या आजींचे पायही थांबले.

"कमरेतून झुकताय तुम्ही. अख्खं आयुष्य आरशात बघून बस मागे घेतलीय मी. गाडी कुठे कलतेय ते मला कळतं."

आत्या हसली, पण डबा उघडताना तिने डावा हात वापरला. खांदा चार महिन्यांपासून आखडला होता.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"परवा पहिला तास आहे. विभागप्रमुख मॅडमना कळलं तर तिथे दुसरं कुणी उभं राहील आणि मला बसवतील नोंदणीच्या टेबलावर. तिथे मी काय हलवून दाखवू? पेन?"

"आणि व्यायाम? करतेस?"

ती पोळी तोडत राहिली.

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं.

"गप बस. जेवू दे."

पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आत्या ताठ उभी राहिली, तळवे पुढे. डावा हात बाजूने निघाला आणि पार कानाला टेकला. मग उजवा. खांद्याच्या उंचीला येऊन तो अडला. आत्या क्षणभर तशीच थांबली. मग हळूच कमरेतून झुकली, खांदा उडवला, हात थोडा वर गेला. मुलं भराभर लिहीत होती.

"लिहिलंत?"

"हो, मॅडम!"

"खोडा. एक हात खरा गेला, दुसऱ्याने चोरी केली. चोर कुठला?"

वह्यांवरच्या माना वर झाल्या. मग एक बारीक आवाज आला, "डावा?"

"कुणाचा डावा?"

ती मुलगी गोंधळली. आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाली, "माझा... म्हणजे तुमचा उजवा, मॅडम. तुम्ही झुकलात."

"शाब्बास. हा खांदा खरोखर आखडलेला आहे. या, हात लावून बघा, कुठे अडतोय."

मुलं एकेक करून पुढे आली. दारात विभागप्रमुख मॅडम उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. रांग संपल्यावर त्याही आल्या, त्यांनीही तो हात उचलून पाहिला.

"पुढच्या वर्षीचा तासही तुमचाच," त्या म्हणाल्या, "पण दोन्ही हात कानाला लागले पाहिजेत. उद्यापासून रोज अकरा वाजता खाटेवर."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आत्या खाटेवर उताणी पडली. ड्रायव्हरकाकांनी स्टूल मुद्दाम जवळ ओढून घेतलं होतं.

"बाई," त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कोपराच्या वर दुखतंय की खाली?"

आत्याने आधी छताकडे पाहिलं.