पाण्यात न उतरणारा युनूस

युनूस मिस्त्रीला पोहता येत नव्हते आणि नोकरी समुद्रावर. केजच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातून तो जहाजावर गेला, तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते. सुट्टीत घरी आला की मी त्याला खोदून विचारायची.

"पाण्यात उतरत न्हाईस, मग करतोस काय?"

"मावशी, आमी वर खोलीत बसतो. खाली मशीन जातं. त्याला दिवे, कॅमेरा, दोन हात. पडद्यावर बघून चालवायचं."

"आन तळाला काय हाय?"

"लई चिखल. आन चिखलात वायर. तुमचा लेक दुबईहून बोलतो, ते तिच्यातूनच येतं."

फोन आभाळातून येतो असे मी समजत होते. चिखलातली वायर कशी काढतात, म्हणून विचारले, तर त्याने माझ्या परातीतल्या कणकेत दोरा पुरला आणि हिसडला. दोरा तुटला. दुसरा पुरला, भोवती पाणी सोडले आणि हळूच उचलला.

"ओढलं की गेलं. आदी चिखल सैल करायचा."

"कणकेचा लगदा केलास, मुडद्या," मी म्हणाले.

त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि आमच्या दूध सोसायटीच्या बोअरमध्ये मोटार गाळात रुतली. मी चेअरमन, सभासदांची सगळी जनावरे त्या एका बोअरवर. गड्यांनी मोटारीच्या दोराला ट्रॅक्टर जोडला. युनूस तेव्हा सुट्टीवरच होता; त्याने ट्रॅक्टरची चावी काढून खिशात घातली.

"दोर तुटला तर मोटार बी गेली आन बोअर बी. ढील द्या. जनावरांसाठी आलेल्या टँकरची नळी खाली गाळापर्यंत सोडा."

"येडा झाला का बे?" गड्यांतला दत्तू ओरडला. "जनावरं जिभा काढून उभी हायती, आन पाणी बोअरात ओततो?"

मी कणकेतला दोरा पाहिला होता.

"सोडा पाणी," मी म्हणाले. बायांनी मला तोंडावर शिव्या दिल्या.

युनूस दोर चिमटीत धरून, डोळे मिटून बसला. जरा वर घ्यायचा, पुन्हा सैल सोडायचा. टँकर रिता होत आला तेव्हा म्हणाला, "सुटली. आता हातानं घ्या, दमानं." मोटार चिखलाने माखून वर आली. दत्तूने तिला नमस्कार केला, युनूसला नाही.

युनूस पुढे केजलाच, घरी, छातीत कळ येऊन गेला. यंदा पुन्हा पाऊस नाही, आणि मोटार पुन्हा रुतली. पोरे ट्रॅक्टर घेऊन आली. मी आधी चावी काढून घेतली, मग टँकर कुठवर आला ते विचारले.