नदीपलीकडून ऐकलेली बंदूक

दस्तगीरमियाँ गेल्याचा निरोप घेऊन त्यांच्या बागेतला गडी पालीला आला, तेव्हा मी ओसरीवर बियाण्याच्या पोत्यांना चिठ्ठ्या बांधत होतो. गडी पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "मियाँ गेले, अण्णा." मी मान वर न करताच विचारलं, "धारूरला?" त्यांचा धारूरला जायचा बेत होता, ताप उतरला की निघतो म्हणाले होते, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं. गडी म्हणाला, "तसं न्हाई, अण्णा..." मग मी हातातली सुतळी खाली ठेवली.

मातीला मी वेळेवर पोचलो. बाहेरगावाहून आलेल्यांच्या बैलांना वैरण, माणसांना पाणी, बसायला सावली, सगळं मीच पाहिलं. काम असलं की मी उभा राहतो, माझा स्वभावच तसा आहे. काम संपवून पालीला परत आलो, पोत्यांच्या उरलेल्या चिठ्ठ्या बांधल्या आणि मग लक्षात आलं की आता संध्याकाळी करायला काहीच नाही.

बीडमध्ये दस्तगीरमियाँना सगळे फळांचे व्यापारी म्हणून ओळखत. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आणि बिंदुसरेच्या काठच्या त्यांच्या स्वतःच्या बागेतले आंबे हैदराबादपर्यंत जात. बागेच्या राखणीसाठी त्यांच्या वडिलांनी बंदुकीचा परवाना काढला होता. तो पुढे मियाँच्या नावावर झाला, आणि राखणीच्या एका बंदुकीवरून शौक सुरू झाला तो वाढतच गेला. ठासणीच्या बंदुका, काडतुसाच्या, कुणाच्या आजोबांच्या, कुणी नव्या घेतल्या म्हणून काढून टाकलेल्या... सगळ्या त्यांच्या माडीवर आंब्याच्या पेटाऱ्यांत, पेंढ्यात नीट निजवलेल्या असत. त्यांची कुठलीही बंदूक हातात घेतली तरी आधी तेलाचा वास येई आणि मागाहून पाडाच्या आंब्याचा. शिकार मात्र त्यांनी जन्मात केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "रानडुकराला हाकलायला डबा बडवला तरी पुरतं. त्याच्यासाठी बंदूक कावून लागती?"

आमची ओळखही बंदुकीवरूनच झाली. मी हैदराबादेहून एक विलायती दुनळी आणली होती. वापरलेलीच, पण नळ्या आरशासारख्या. बातमी बीडला पोचली आणि हे गृहस्थ टोपलीभर सीताफळं घेऊन न बोलावता पालीला हजर. तोवर जो जो बंदूक पाहायला आला, त्याने आधी किंमत विचारली होती. यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दस्त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "ऐकली का तिला?" मी म्हटलं, "उडवली की कालच." तर म्हणाले, "उडवली ते कळलं. ऐकली का?" मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी समजावलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या बंदुकीचा आवाज आपल्याला कधी ऐकू येत नाही. कानाशीच बार होतो, कान बधिर होतात, खांद्याला धक्का बसतो, धूर डोळ्यांत जातो. आवाज असा काही हाती लागतच नाही. "आपण तिच्या लई जवळ असतो बे," ते म्हणाले. पहिल्या भेटीतच 'बे' म्हणणारा माणूस मला एरवी आवडला नसता. पण त्यांच्या तोंडी तो शब्द खाटेवर शेजारी जागा करून द्यावी तसा होता. तेव्हापासून आमचं अरे-तुरेच चाललं. लिहिताना मात्र हात धजत नाही.

तिथून आमचा रिवाज पडला. कुणीही नवी बंदूक घेतली, मग ती जुनीपुराणी असो की कोरी, की ती मियाँच्या बागेत आणायची. मालकाने नदी ओलांडून पलीकडच्या काठावर चिंचेखाली जाऊन बसायचं, आणि इकडून बार काढायचा तो दुसऱ्याने. मग बाकीच्यांनीही पाळीपाळीने पलीकडे जाऊन ऐकायचं. आम्ही तिघे होतो. तिसरे धर्मापुरीचे रावसाहेब देशमुख. कचेरीत त्यांच्या जमिनीच्या तारखा पडत आणि प्रत्येक तारखेला ते बीडला येत. एकदा तारीख पुढे गेली तर वकिलापेक्षा मियाँनाच जास्त आनंद झाला होता. रावसाहेबांना नव्याचा नाद, मियाँना जुन्याचा, मी मधला. पहिल्यांदा हा रिवाज ऐकून रावसाहेब भडकले होते. "बंदूक माझी, आणि मीच पलीकडे जाऊन बसू?"

"बसा की," मियाँ म्हणाले. "लेक सासरी कशी बोलती ते बापाला शेजाऱ्याकडनंच कळतं."

रावसाहेब कुरकुरत नदी उतरले. बार ऐकून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. माझ्या पाळीला ऐकून आल्यावर मी बोलून गेलो, "दार आपटल्यासारखा आला नाही?" ते चिडले. "दार? अहो, हैदराबादेतल्या नामांकित दुकानातून आणलीय!" त्यावर मियाँ शांतपणे म्हणाले, "मग हैदराबादचं दार म्हणू." रावसाहेबांनी पुढे कित्येक दिवस ते दार मनातून काढलं नाही.

मियाँ स्वतः मात्र आवाजाबद्दल काही बोलत नसत. आम्ही दोघं भांडायचो. ढोल म्हणायचो, लाकूड तडकलं म्हणायचो, कोरडा म्हणायचो, ओला म्हणायचो. ते पलीकडून येत, पायांची माती झटकत, आणि "कशी वाटली?" विचारलं की नुसतं "ऐकली" म्हणत. तेवढंच. मग भरभर घरात निघून जात, अन् आम्ही चहाची वाट पाहत बागेत बसून राहत असू. मला वाटे, मालाच्या गाड्या भरायच्या असतील. एकदा आम्ही तिघे कपिलधारला गेलो होतो. रावसाहेबांच्या मनात आलं, एवढी दरी आहे तर एक बार काढून बघावा, घुमेल कसा! मियाँनी हात आडवा केला. "नको. इथं एकजण आधीच बोलतोय." आणि मग धबधब्यासमोरच्या दगडावर ते इतका वेळ डोळे मिटून बसले की रावसाहेबांनी मला विचारलं, झोप लागली काय याला?

गेल्या सीताफळांच्या दिवसांत त्यांना धारूरकडच्या एका खेड्यात तोड्याची बंदूक सापडली. वात पेटवून बार काढायची, खूप जुनी. एका घराने ती गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली होती! मियाँनी त्यांना चांगला सागवानी अडसर करून दिला, वर आंब्याची कलमं दिली आणि बंदूक घेऊन आले. माणसाइतकी लांब, शेणाने माखलेली. ती साफ करायला आम्ही दोघं बरेच दिवस खपलो. आतून नळी चांगली निघाली. पण दस्त्याच्या बाजूला, जिथे दारू पेटते तिथेच, बाहेरून एक बारीक रेघ दिसत होती. मी त्यावर तेल लावलं, पुसलं आणि वर चुन्याची पूड शिंपडली. चीर असली तर आत गेलेलं तेल पुन्हा वर येतं आणि चुन्यावर डाग पडतो. डाग पडला... पण इतका पुसट की चीर आहे की नुसता ओरखडा, हे शपथेवर कुणी सांगू शकलं नसतं.

मी म्हटलं, "मी ही खांद्याला लावणार नाही. झाडाला बांधू, चापाला लांब दोरी लावू, ओढू."

"बांधून?" ते म्हणाले. "तिनं काय गुन्हा केलाय? खांद्याबिगर बंदूक मोकळी बोलत न्हाई, अण्णा."

"फुटली तर माझं तोंड जाईल."

"ते तर मलाबी नको. तुझं तोंड हाय तसंच लई बरं न्हाई."

आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला. मी खांदा देईना, ते बांधू देईनात. रागरुसवा काही नव्हता. दोघांनाही वाटत होतं, दुसरा कधीतरी ऐकेल. मग त्यांना ताप आला. मी भेटायला गेलो तेव्हा ती बंदूक त्यांनी माडीवरून खाली आणवून खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "ऐकायची राहिली बे," म्हणाले. मी म्हटलं, "बरा हो, मग पाहू." ती आमची शेवटची भेट.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणसाबरोबर संपतो. मियाँना मुलगा नाही. दोन्ही मुली सासरी. तेव्हा सगळ्या बंदुका कचेरीत जमा होणार, हे ठरलेलंच होतं. कचेरीतले अंमलदार अमीनसाहेब मोजदादीला आले त्या दिवशी मी होतो. बंदुका काढून देणं, नग जुळवणं, हे माझंच काम. ते करता करता ती तोड्याची बंदूक हातात आली आणि मला पुढचं दिसलं. ही कचेरीच्या मालखान्यात जाणार, कोपऱ्यात उभी राहणार, आणि तिचा आवाज कसा होता हे जगात कुणालाच कधी कळणार नाही. मियाँना तेवढं एकच हवं होतं. मी अमीनसाहेबांना म्हटलं, "हिचा एक बार काढू द्या."

"आणि नळी फुटली तर?"

"फुटलेली दाखल करून घ्या."

"आणि तुम्ही फुटलात तर, अण्णासाहेब?"

"मी झाडाआड असेन."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मी जुम्म्याच्या नमाजानंतर गाडी घेऊन येतो. त्याआधीचं मला काही ऐकू येत नाही."

मी खैरूनभाभींच्या कानावर घालायला गेलो. भाभी मियाँमागे इद्दतीत बसलेल्या, ठरलेले दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी ओसरीवर, त्या पडद्यामागे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बांधून? त्यांना न्हाई आवडायचं." पडदा हलला. "पण तुमी खांदा लावू नका, अण्णा. एक गेला तेवढा बास झाला." मग गड्याच्या हाती आतून मियाँची जुनी, कापूस भरलेली बंडी आली. "हे मागं लावा. म्हंजे खांदा त्यांचाच."

भाभींना नदीवर येता येत नव्हतं, म्हणून या वेळी आम्ही बंदूकच पलीकडे नेली, म्हणजे नदीपलीकडचा बार त्यांना घरात ऐकू येईल. तिथल्या एका बाभळीच्या खोडाला बंडी गुंडाळली, दस्ता त्यात रुतवला, काथ्याने आवळून बांधला. रावसाहेब आले होते. मी दारू भरताना ते हळूच म्हणाले, "पूर्ण भरताय?" मी म्हटलं, "अर्धी भरली तर अर्धाच आवाज येईल." वात पेटवली. आम्ही बांधाआड पालथे झालो आणि मी दोरी ओढली. आधी नुसता धुराचा भुरका उडाला. मला वाटलं, फुकट गेला... आणि मग बार झाला. माझ्या छातीखालची माती हलली. चिंचेवरचे कावळे उठून नदीवर फिरू लागले. धूर विरेपर्यंत आम्ही हललो नाही. मग रावसाहेब माझ्या आधी धावले, त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ओरडले, "अण्णा, काही झालं नाही! ओरखडाच होता!" फार आनंदाने ओरडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट रेघेवरून काढून घेतलं. बंदूक सोडवून, पुसून आम्ही परत आलो.

ओसरीवर बसल्यावर मी विचारलं, "भाभी, ऐकू आला?"

"आला."

"कसा होता?"

"चांगला होता... पर ते करायचे तसा न्हाई."

मला कळेना. "करायचे? काय करायचे?"

आतून हसल्यासारखा आवाज आला. या घरात मी कित्येक दिवसांनी तो ऐकत होतो. "तुमाला ठावंच न्हाई? तुमी बागेत बसलेले असायचे, अन् हे धावत आत यायचे. मला कुठं नदीवर नेता येतं? मग सैपाकघराच्या दारात उभं ऱ्हाऊन तोंडानं बार काढून दाखवायचे. तुमची दुनळी, रावसाहेबांचं ते दार, सगळ्या. ही आल्यापासून तर रोज. आंघोळ करताना, सीताफळं निवडताना... म्हणायचे, खैरून, ही अशी बोलंल बघ."

रावसाहेब उपरण्याने डोळे पुसू लागले. मी विचारलं, "कशी?"

"नक्को, अण्णा. शरम येती."

मी आग्रह केला नाही. उठायच्या बेतातच होतो. तेवढ्यात पडद्याआडून आला... आधी घशातून एक जाड, बसका हुंकार, त्यावर ओठांचा फटका, आणि मग नदीवरून दूर दूर जात विरणारा एक लांब श्वास. आम्ही काढलेल्या बारापेक्षा कितीतरी मोठा. तो श्वास मियाँचा होता. बोलणं संपवताना ते असाच श्वास सोडत. मी म्हटलं, "भाभी, परत एकदा."

अमीनसाहेब जुम्म्यानंतर येऊन सगळ्या बंदुका घेऊन गेले. नग जुळले. माडीवरचे पेटारे रिकामे आहेत. बाजाराच्या दिवशी बीडला गेलो की मी घटकाभर ओसरीवर टेकतो. आतून पाणी येतं, गूळ येतो, आणि मग भाभी विचारतात, "आज कोणती, अण्णा?" मी एकेक बंदूक सांगतो आणि पडद्याआडून तिचा बार येतो. माझी दुनळी अजून सांगितलेली नाही.