मंगरूळपीरच्या घरात कोण खोकतं?

मालेगावच्या मोटारीत माझ्या मानेवर तीनदा शिंकलेल्या माणसाला मी "तोंडाले धोतर लाव" म्हटलं, तर सारी मोटार मलाच हसली! शिंकला तो, आणि आगाऊ मी? वर तो म्हणतो, "बाई, हवा काय तुमच्या घरची हाय?" हवा नाही, पण मान माझीच होती ना!

माझ्या लेकीसाठी, सिंधूसाठी, मंगरूळपीरचं स्थळ आलं, म्हणून मी निघाले. बाप्ये जातात, शेत पाहतात, विहीर पाहतात, जेवून येतात. घरात दुखणं आहे का, हे कोण पाहणार? धाकटा भाऊ पांडुरंग सोबत होता. माझं गाठोडं पाहून म्हणाला, "आक्का, तू घर पाहाले चालली का दवाखाना मांडाले?" गाठोड्यात कडुलिंबाचा पाला होता, कापूर होता, स्वतःचा तांब्या होता. जाणाऱ्या बायांनो, तुम्हीही न्या.

वाशीमला मोटार बदलावी लागते. पुढच्या बाकावर बसा, मागे धूळ फार. चहाच्या दुकानात साऱ्या कपबश्या एकाच बादलीत बुचकळत होते, आणि बादलीतलं पाणी चहापेक्षा दाट! पांडुरंग दोन कप प्याला. मी भाकर-ठेचा खाल्ला आणि रस्ताभर त्याच्या तोंडाकडे पाहत बसले. काही झालं नाही.

घर चांगलं निघालं. पोरगा पसंत पडला, नखंसुद्धा कापलेली होती. एवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला. कोरडा, लांब.

"कोण वं?" मी विचारलं.

"मोठी सून," विहीणबाई म्हणाल्या. "महिन्याची बाजूले बसली हाय कालपासून. धूर लागला असंन."

बाजूला बसलेलीला चुलीचा धूर कसा लागतो?

दुसऱ्या दिवशी निघायचं, तर मोटारीचं चाक मोडलेलं. दोन-तीन दिवस मोटार नाही म्हणाले. मग मीच पाणी उकळून प्याले, ताटं पुन्हा राखेने घासून घेतली. विहीणबाई पाहत होत्या. पाहोत.

चौथा दिवस आला. बाजूला बसलेली बाई चौथ्या दिवशी नाहून घरात येते, हे काय मी सांगायचं? पण पाणी तापलं नाही. विचारलं तर म्हणे, "उद्या." पाचव्या दिवशीही भाकर खापरीवरच आत सरकवली.

"आक्का, लोकाच्या सुनेचे दिवस मोजून राह्यली का तू?" पांडुरंग चिडला.

"पोरगी मले द्याची हाय या घरात. मोजीनच!"

दुपारी विहीणबाई लवंडल्या, तशी मी नाकाला पदर लावून त्या खोलीपाशी गेले. दारापासून चार हात लांब उभी राहिले.

"किती दिवसापासून हायस वं इथं?"

"दिवाळीपासून, मावशी." मग खोकला. मग, "पाणी द्या ना थोडं."

आता आली का पंचाईत! पळावं वाटलं, खरं सांगते. पण माझाच तांब्या भरून आणला आणि तिच्या ओंजळीत वरून धार धरली. हात किती बारीक! नंतर कोपरापर्यंत राखेने घासले, आणि रात्रभर स्वतःची नाडी धरून बसले.

सकाळी मोटार सुरू झाली. घरी आले, अंगावरचे कपडे उकळले, तांब्या विस्तवात धरला. सिंधू विचारते, "पोरगा कसा हाय?" मी म्हणते, थांब. रस्त्याची धूळ उतरली, पण ते "पाणी द्या ना" कानातून उतरत नाही.

आठ दिवसांनी विहीणबाईंचा निरोप आला. काय म्हणावं? "तुमची बाई आमचं पाणी पेत नाही, धुतलेलं ताट धुते, नाडी पाहत बसते. तुमच्याच घरी काही रोग दिसते. खरं कळेपर्यंत सोयरीक थांबली." व माय! म्हणजे लपवलं त्यांनी, आणि रोगी मी?

तर विहीणबाई, तुमचं नाव मी इथे घेतलेलं नाही, पण हे तुम्हाला वाचून दाखवणारं घरात आहे. मी वाशीमच्या डॉक्टरापुढे बसायला तयार आहे, सिंधूलाही आणते. छाती पाहू द्या, जीभ पाहू द्या. तुम्ही मोठ्या सुनेला त्या खोलीतून काढून गाडीत घालून आणा. सोयरीक होवो न होवो, तिला आणा. आणता का नाही, होळीच्या आत कळवा.