कांदेनवमीनंतरची कलेजी

आमच्या घरात मटण बाहेर शिजतं. बाहेर म्हणजे गोठ्याच्या बाजूला, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भगोन्यात, आणि शिजवायचं पुरुषांनी. मायच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ते भगोनं घासूनपुसून ठेवलेलं असलं तरी ती त्याला हात लावत नाही. आमच्या वरवट बकाल गावात अशी घरं काही कमी नाहीत.

कुत्रा मात्र मायचा. आणला होता मी, वावरात मक्याच्या राखणीसाठी, पण हा राखतो फक्त मायला. ती ओट्यावर बसली की हा तिच्या पायापाशी. भाकर तिच्याच हातची पाहिजे. दुसऱ्या कोणी टाकली तर रुसलेल्या जावयासारखा नुसता पाहत बसतो. रात्री रानडुकरं मका लोळवून जायची आणि साहेब घरी ओट्यावर झोपलेले. मला त्याचा असा संताप यायचा की काय सांगू!

आषाढात एकादशीच्या आधी कांदेनवमी येते. एकादशीपासून चार महिने माय कांदा-लसूण सोडते, म्हणून नवमीला घरात कांद्याचा नुसता धुमाकूळ असतो. भजे, झुणका, कांदे घातलेली थालीपीठं. यंदाही पोटं तट्ट फुगेस्तोवर खाल्लं आणि तरी परातभर उरलंच.

"फेकाचं कायले? अन्न हाये ते," माय म्हणाली. "माह्या लेकराच्या पोटात जाईन."

दुसऱ्या दिवशीही तिने त्याला तेच चारलं, वरून झुणका कुस्करून. तोही मिटक्या मारत खात होता. आम्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. अहो, आम्ही कांदा पिकवतो, कांद्यावर जगतो. कांद्याने कोणाचं वाईट होतं हे ऐकलंच नव्हतं.

एकादशीला तो उठेना. मायने फराळाचं ताट बाजूला सारलं आणि मला हाक मारली. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, लघवी काळपट लाल होत होती. मी त्याला पोत्यावर घेऊन ऑटोत घातलं आणि संग्रामपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पहिलं हेच विचारलं, "काय चारलं होतं?" मी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"कांद्यानं कुत्र्याचं रक्त फुटते भाऊ. लसणानंही तसंच. कच्चा असो का तळलेला."

सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. मग म्हणाला, आता याने खाल्लं पाहिजे. पोटात अन्न गेलं आणि गोळ्या गेल्या तर वाचेल, नाहीतर अवघड आहे. काय द्यायचं तेही सांगितलं: कोंबडीचं बिनहाडाचं मटण उकडून आणि थोडीशी कलेजी. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, कांदा-लसणाचं तर नावही नाही. शिजलेलं हाड द्यायचं नाही, त्याची किरच आतडं फाडते.

घरी आलो तर माय दारातच उभी. "काय म्हणला डॉक्टर?"

खोटं बोलून काय उपयोग होता? सांगितलं. ती खाली बसली. "म्हंजे म्याच त्याले..." एवढंच म्हणाली. मला तिची फार कीव आली. कुत्र्यावरचा राग कुठल्या कुठे गेला.

मी चूल पेटवली. कोंबडी उकळायला लागली आणि माझा हात आपसूक हळदीच्या डब्याकडे गेला. हळद टाकली, मीठ टाकलं, ठेचलेला लसूणही टाकला. इतक्या वर्षांची सवय! दारातून बायको ओरडली, "अवो, काय टाकून राह्यले तुमी त्याच्यात? कुत्र्यासाठी हाये का तुमच्यासाठी?" सगळं ओतून दिलं. पुन्हा दुकान गाठलं, पुन्हा नुसतं पाणी ठेवलं. अळणी मटण शिजवताना सारखं काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

कलेजीचे काप आतून लाल दिसेनासे होईपर्यंत उकळले. मग आत खुपसलेली गोळी सुटू नये म्हणून कोरड्या तव्यावर, मंद निखाऱ्यावर, चिवट होईस्तोवर सुकवले. आभाळ भरलेलं, वाळवायला ऊन नव्हतंच. फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही, कारण त्यात मायचं देवाचं दूध असतं. म्हणजे रोजचं रोज करायचं.

एवढं करून त्याच्यापुढे धरलं तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बायकोने धरलं, तेच. कापात गोळी खुपसून मी जबडा उघडायला गेलो तर क्षीण आवाजात गुरगुरला. मायने दूध-भाकर कुस्करून दिली, त्याने तिचा हात चाटला, भाकर नाही. दिवस कलायला आला तरी एकही गोळी पोटात गेली नव्हती.

माय ओट्यावरून बघत होती. एकादशीचा उपास तोंडात पाणी न घेता चाललेला. मग ती उठली, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. मटणाला हात लागला की माणसं नंतर हात धुतात. तिने आधी धुतले, पूजेला बसताना धुते तसे. आली, ताटलीतून कलेजीचा काप उचलला आणि त्याच्या नाकापाशी धरला.

"खाय रे बाबू. मी देऊन राह्यली नं."

त्याने काप हुंगला. मग तिची बोटं हुंगली, एकेक. मग घेतला. सावकाश चावला. तिने दुसरा दिला, तिसऱ्यात गोळी होती, तीही गेली. बायको पदराने डोळे पुसत होती. मी उगाच लाकडं सारखी करत बसलो. ताटली रिकामी झाल्यावर माय आंघोळ करून देवापुढे बसली. किती वेळ बसली, काय बोलली, मी विचारलं नाही.

सकाळी मी कलेजी आणून चुलीपाशी कापायला बसलो. कुत्रा ओट्यावरून उठला, लडखडत का होईना, पण आपल्या पायांनी चालत आला. त्याच्या मागे माय.

"हे काय काप हायेत का? असे जाडेभरडे? अशानं सुकतीन कवा? सर तिकडं."

तिने माझ्या हातातली सुरी घेतली.

"माय, चातुर्मास हाये," मी म्हटलं. "मी करतो नं."

"मालूम हाये मले." ती पाटावर बसली, पदर खोचला. "कांदे म्या चारले. हे बी मीच कापीन. तू पाणी ठेव."