मर्टलचा पोटमाळा, बेरिलचं पाणी

बेरिल टॅपलीला माणसं पावलांवरून ओळखता येत. लुइशमच्या हमरस्त्यावर मुलांच्या बुटांचं एक दुकान होतं, तिथे तिचं अर्धं आयुष्य गुडघ्यांवर बसून पोरांची पावलं मोजण्यात गेलं. कोणाची टाच आतून झिजते, कोणाचा चवडा रुंद, कोण पाय ओढत चालतं, हे तिला बघावंही लागत नसे. म्हणून त्या शनिवारी घराचं पुढचं दार उघडलं, पावलं तिच्या दारापाशी आली आणि न थांबता थेट जिना चढून गेली, तेव्हा चहाची किटली हातात धरून ती तशीच उभी राहिली.

मार्सियाची, वरच्या मर्टलच्या लेकीची, पावलं. मार्सिया आली, आणि खाली डोकावलीसुद्धा नाही!

घर तसं साधंच होतं, दुमजली, विटांचं, त्या गल्लीतल्या बाकीच्या घरांसारखं. खाली बेरिल, वर मर्टल डेकर्स. दोघी आधी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाडेकरू. पुढे राहती जागा विकत घ्यायची सोय झाली, तेव्हा दोघींनी आपापला फ्लॅट घेतला. पण विकत घेतलं म्हणजे आतल्या खोल्याच. छप्पर, भिंती आणि खालची जमीन कौन्सिलचीच राहिली. बेरिलच्या वाट्याला मागची बाग आली, मर्टलच्या वाट्याला जिना. छपराखालचा पोटमाळा दोघींपैकी कोणाचाच नव्हता, पण त्याची झडप मर्टलच्या छतात होती, म्हणून दोघींच्या बॅगा, नाताळचं झाड आणि बेरिलच्या नवऱ्याची, रॉनची, मासे पकडायची काठी वर्षानुवर्षं तिथे बिनबोभाट पडून होती.

थोड्या वेळाने मर्टल खाली आली. हातात आल्याचा केक. केक आला की मागून बातमी येते, हे बेरिलला ठाऊक होतं.

"मार्सियाचं लग्न मोडलं गं," खुर्चीत बसत मर्टल म्हणाली. "पोरीला घेऊन परत येतेय."

"अरे देवा! पण राहणार कुठे? तुझ्याकडे तर झोपायची एकच खोली."

"तेच सांगायला आले. पोटमाळा विकत घेतेय मी. कौन्सिल तयार आहे. छपराला मोठी खिडकी पाडायची, वर नीट जिना, न्हाणीघर, सगळं. माझी नर्सच्या नोकरीची पुंजी तशीच पडलीय, ती काय थडग्यात नेऊ? तुला चालेल ना?"

"अगं, मला काय!" बेरिल म्हणाली. "चालेल की. अगदी चालेल. न चालायला काय झालं?"

आता त्या इंग्रज मुलखाची रीत अशी, की कोणी एकदा 'चालेल' म्हणालं तर ते चालतं. तीनदा म्हणालं, तर शहाण्या माणसाने कपबशी खाली ठेवून विषय बदलावा. जमैकाहून येऊन मर्टलला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. ही रीत तिला बेरिलइतकीच पाठ होती. पण लेक घरी येणार या आनंदात माणसाचे कान बंद होतात. तिने बेरिलच्या गालाची पापी घेतली, केकचा मोठा तुकडा कापून तिच्या बशीत ठेवला आणि गुणगुणत वर गेली.

बेरिलने तो केक खाल्ला नाही. पक्ष्यांना टाकला.

तिच्या पोटात दुखत होतं, आणि का दुखतंय हे तिला नीट कळत होतं. पोटमाळ्याचं तिला काही नव्हतं. तिच्या घरात मागच्या बाजूला एक अख्खी खोली रिकामी होती, तिच्या मुलाची, कीथची. कीथ ऑस्ट्रेलियात पर्थला. रविवारी फोन करी, तिकडच्या उन्हाबद्दल सांगे, इकडच्या पावसाबद्दल विचारी आणि ठेवून देई. त्याच्या पलंगावरच्या चादरी बेरिल अजून नेमाने बदलत असे. आणि इथे मर्टलची पोर परत येणार! तीही अशी, की मर्टल रात्रपाळीला गेली की जिला बेरिलने शाळेतून आणलं, जेवू घातलं, गोवरात जिच्या उशाशी रात्री काढल्या. त्या पोरीच्या पायाचं पहिलं माप बेरिलनेच घेतलं होतं. आणि ती आता दारावरून तशीच वर जाते!

दोन आठवड्यांनी कौन्सिलचा माणूस बघायला आला. तरुण, नम्र, हातात लांब टॉर्च. तो मर्टलच्या शिडीवरून वर चढला, धूळ झाडत उतरला आणि खाली बेरिलकडे आला.

"मिसेस टॅपली, वर पाण्याची जुनी टाकी आहे. दोन्ही घरांना त्यातूनच पाणी येतं, माहीत आहे ना?"

"असेल."

"ती काढल्याशिवाय पोटमाळा विकता येणार नाही. तुमचे नळ रस्त्यावरच्या मुख्य नळाला जोडून द्यावे लागतील. दोन दिवसांचं काम. खर्च सगळा डेकर्सबाई करतील. तुम्ही फक्त प्लंबरला आत येऊ द्यायचं."

"आणि नाही दिलं तर?"

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. "तर काय, टाकी तिथेच, आणि पोटमाळाही तिथेच."

बेरिलने त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

नंतर प्लंबर आला तेव्हा बेरिलचं डोकं दुखत होतं. पुन्हा आला तेव्हा चर्चमध्ये मदतीसाठी भरणाऱ्या विक्रीकरता केक करायचे होते. तिसऱ्यांदा त्याने घंटी वाजवली, तेव्हा ती पडद्याआड श्वास रोखून उभी राहिली. आपल्याच घरात चोरासारखी. 'टाकीचं पाणी मऊ असतं, मला त्याची सवय आहे,' असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण ते बोलून दाखवायची वेळ येऊ नये, असंही तिला वाटत होतं.

वेळ आली. प्लंबरची गाडी वळताच मर्टल जिना उतरून आली आणि तिने दारावर मूठ आपटली.

"उघड, बेरिल! तू आत आहेस. पडद्याखाली तुझ्या सपाता दिसतायत!"

बेरिलने दार उघडलं.

"तूच म्हणालीस ना, चालेल म्हणून?"

"म्हणाले होते. पण मला टाकीचं पाणी लागतं. मऊ असतं."

"मऊ! त्या टाकीत गेल्या वर्षी कबुतर मेलेलं सापडलं! तुला सांगितलं नाही मी, तुला मळमळेल म्हणून! खरं काय ते बोल."

खरं बोलायची बेरिलला सवय नव्हती, म्हणून ते एकदम बाहेर आलं. "एवढा पैसा कशाला ओततेस त्या धुळीत? कीथची खोली आहे की माझ्याकडे! खिडकी बागेत उघडते. मार्सियाने सांगितलं असतं, तर मी नको म्हटलं असतं का? तू तरी विचारलंस? आणि ती येते ती चोरासारखी, माझं दार टाळून!"

"मीच सांगितलं तिला, खाली थांबू नकोस म्हणून."

"तू? का गं?"

मर्टल जिन्याच्या पायरीवर बसली. गुडघे चोळत राहिली. "कारण ती थांबली असती तर तू खोली देऊ केली असतीस. आणि ती राहिली असती तुझ्याकडे. राहिलीच असती! सबंध लहानपण ती तुझ्याकडेच जेवली. मी वॉर्डात परक्यांची ढुंगणं पुसत होते, आणि माझी पोर तुझ्या मांडीवर झोपत होती. सकाळी न्यायला यायचे तर माझ्याकडे यायला रडायची. आठवतं? तू म्हणायचीस, 'अगं, झोपेत आहे ती.' झोपेत नव्हती, बेरिल. तिला तू हवी असायचीस."

बेरिल दाराबाहेर आली.

"तुझा हेवा करत आयुष्य गेलं माझं," मर्टल म्हणाली. "आता एकदा तरी ती माझ्या डोक्यावर राहू दे. तुझ्या शेजारी नको. माझ्या डोक्यावर."

आता सांगायला नको, पण त्या क्षणी बेरिलला जे वाटलं ते दुःख नव्हतं, पश्चात्तापही नव्हता. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी एक गोड ऊब तिच्या छातीत पसरली. आपल्याकडे बघून कोणाचं तरी पोट दुखत होतं! आणि तेही आजचं नाही, पार तेव्हापासूनचं. आपण मर्टलवर जळत होतो, तेव्हा मर्टल आपल्यावर जळत होती, आणि आपल्या आधीपासून.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"चहा काय ठेवतेस मेले! प्लंबर गेला ना!"

"त्याला फोन लाव. उद्या ये म्हणावं." आणि मग तिला राहवेना. "खरंच मी हवी असायचे तिला?"

"तोंड बंद कर आणि चहा ठेव," मर्टल म्हणाली.

टाकी गेली. तुकडे करून खाली आणली तेव्हा तिच्या तळाशी खरंच पिसं होती. बेरिलच्या नळाला आता धो धो पाणी येऊ लागलं, पण हे तिने मर्टलला कधी बोलून दाखवलं नाही. पोटमाळा झाला. छपरातल्या मोठ्या खिडकीतून बेरिलची डालियाची झाडं वरून दिसत, म्हणून केस विंचरल्याशिवाय बागेत पाऊल टाकणं बेरिलने सोडून दिलं.

मार्सियाची मुलगी नाओमी सहा वर्षांची. शाळेतून आली की आधी बेरिलच्या दारावर थाप मारी, मग बागेत. जिना चढायची तिला घाई नसे. बेरिलने तिच्या पायाचं माप घेतलं. डावा पाय जरा मोठा, थेट आईसारखा. कीथच्या पलंगावर आता रंगांचा डबा आणि एक कापडी ससा असे.

जूनमधल्या एका संध्याकाळी मर्टलने ती छपराची खिडकी ढकलून उघडली आणि अर्धी बाहेर झुकून हाक मारली, "नाओमी! वर ये! भात आणि वाटाणे निवतायत!"

डालियाच्या वाफ्यापाशी नाओमी दोन्ही गाल फुगवून काहीतरी चावत होती. बेरिलने हातातली झारी खाली ठेवली, मान वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"ती जेवली!"