वहिनीची अंडाभाकर

निरोप आला तेव्हा मी वणीच्या मोटार स्टँडवर ज्वारीच्या पिठाची पिशवी पायाशी ठेवून मारेगावच्या गाडीची वाट पाहत होतो. पीठ वहिनीसाठीच होतं. गावाकडून आलेल्या गाडीतून चुलतभाऊ उतरला, पिशवीकडे पाहत म्हणाला, "राहू दे आता. वहिनी गेली सकाळी."

वहिनीला गहू सोसत नसे. पोळीचे चार घास खाल्ले की पोट टम्म फुगायचं, मग जुलाब, मग अंथरूण. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, गहू सोडा. ती हसली होती... आमच्या घरी गहू होता कधी सोडायला! मी खाणीवर लागलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात हॉटेलातला पाव घेऊन गेलो. पावात अंडं घातलं की न्याहारी कशी झटपट होते, हे तिला शिकवू लागलो. तिनं तव्यावरची फुगलेली भाकर काढली, कडेला विळ्यानं चीर दिली, पापुद्रा उचलून कांदा-मिरचीचं फेटलेलं अंडं आत ओतलं आणि भाकर पुन्हा तव्यावर टाकून फडक्यानं दाबली. "भाकरीच्या पोटात जागा असतेच, भाऊजी. पाव कायले पाह्यजे?" पाव कुत्र्यानं खाल्ला.

धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात पाटलाकडच्या लग्नातल्या उरलेल्या पोळ्या, पूर्वी यायच्या तशा, टोपलीतून आमच्या वस्तीत आल्या. वहिनीनं टोपली परत केली. आम्ही आता उरलंसुरलं खात नाही म्हणाली, आणि जाता जाता, "मले त गहू सोसतबी नाही." पाटलाच्या पुतण्यानं नेमकं हेच धरलं. आमचा गहू सोसत नाही म्हणते, म्हणजे माज चढला! बिचारीनं आपलं दुखणं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या आणि त्याची माणसं काठ्या घेऊन घरात शिरली. दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, डोकं फोडलं. रक्त पिठाच्या परातीत सांडलं. पुतण्यानं चुलीवर लाथ उगारली तशी वहिनीनं सांडशीनं तापलेला तवा उचलून त्याच्या गालावर हाणला. कातडं तव्याला चिकटून आलं. मग साऱ्या काठ्या तिच्यावर पडल्या. डावा हात कोपरात मोडला तो कायमचा.

मी खाणीवरून धावत आलो आणि आढ्याची कुऱ्हाड काढली. मोडका हात फळकुटाला बांधलेला, तशीच ती चुलीपाशी बसली होती. एका हातानं भाकर थापत होती. तव्यावर अजून डाग होता. "आधी खाऊन घ्या, भाऊजी. मंग जा कुठं जायचं त." मी खाल्लं. घास गिळता गिळता रडू फुटलं, आणि कुऱ्हाड तिनं परत आढ्याला खोचली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता. आजही थोडा आहे.

यंदा ज्वारी बुडाली. रेशनवर फक्त लाल गहू. गावात ज्वारी होती ती त्या पुतण्याच्या पेवात. दादा विकत मागायला गेला, तर त्यानं गालावरच्या डागावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तिले गहूच चार." वहिनी गहू खाऊन आजारी पडायची, न खाऊन उपाशी राहायची. असंच होत होत ती वाळत गेली. यातलं काही मला कळवू नका म्हणाली होती; ज्वारी बुडाल्याचं कानावर आलं म्हणून मी आपणहून पीठ घेतलं होतं. मी कुऱ्हाड काढीन हे तिला ठाऊक होतं.

तिला पोचवून आलो आणि दादानं कुऱ्हाड काढली. मी चूल पेटवली, पिशवी सोडली. माझी भाकर फुगेना. शेवटी दोन भाकरींत अंडं दाबलं आणि पुढे केलं. "दादा, आधी खाऊन घे." तो जेवला, आणि त्या दिवशी गेला नाही...

तेव्हापासून मी रजेवर आहे. रोज सकाळी तिच्या त्या तव्यावर, तिच्यासाठी आणलेल्या पिठाची भाकर करून दादाला घालतो. पिशवीचा तळ दिसू लागला आहे, आणि कुऱ्हाड अजून दादाच्या उशाशीच आहे.